मुंबईहून नाशिककडे : तरुण कुटुंबाच्या स्थलांतरामागील हिशेब

बीजशब्द : स्थलांतर, घरभाडे, कुटुंब, स्त्रियांचा रोजगार, मुंबई, नाशिक

प्रस्तावना

मराठीतील समाजशास्त्रीय व अर्थशास्त्रीय लेखनात स्थलांतराचा विचार बहुतांशी खेड्याकडून शहराकडे या एकाच दिशेने झालेला दिसतो. कोकणातील चाकरमानी, देशावरील गिरणी कामगार आणि मराठवाड्यातील ऊसतोड मजूर या आपल्या परिचयाच्या प्रतिमा आहेत. त्या मानाने मोठ्या शहरातून तुलनेने लहान व स्वस्त शहराकडे जाणारे शिक्षित, पगारदार, तरुण कुटुंब अभ्यासकांच्या नजरेतून निसटते. असे कुटुंब ना विस्थापित असते, ना दुष्काळग्रस्त. ते सामानाचा एक टेम्पो भरून शांतपणे निघून जाते. परंतु या जाण्यात त्या कुटुंबाची पुढील पंचवीस वर्षे पणाला लागलेली असतात आणि बऱ्याचदा त्यातील एका व्यक्तीची नोकरीही. प्रस्तुत लेखात मुंबई महानगरातून नाशिककडे होणाऱ्या अशा स्थलांतराचे उदाहरण घेऊन, ‘परवडणारे शहर’ या कल्पनेत नेमके काय परवडते आणि काय परवडत नाही याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. वाचक प्राध्यापक असल्याने अध्यापकांच्या नोकरीशी संबंधित काही बाबींचा स्वतंत्र विचार केला आहे.

जनगणना काय सांगते

२००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव या मूळ बेटाची, लोकसंख्या ३३.३८ लाख होती. २०११ मध्ये ती ३०.८५ लाख झाली. देशाच्या आर्थिक राजधानीचा गाभा दहा वर्षांत अडीच लाखांनी घटला. याच काळात तत्कालीन अविभाजित ठाणे जिल्हा ८१.३२ लाखांवरून ११०.६० लाखांवर गेला, तर नाशिक शहर १०.७७ लाखांवरून १४.८६ लाखांवर. नाशिकची ही सर्व वाढ मुंबईकरांमुळे झाली असे मानणे चुकीचे ठरेल. तीत नैसर्गिक वाढ आहे, तसेच नाशिकच्या ग्रामीण भागातून व खानदेशातून आलेल्यांचाही मोठा वाटा आहे. तथापि मुंबईचा गाभा रिकामा होतो आणि परीघ फुगतो, ही दिशा स्पष्ट आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर होऊ शकली नाही. नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा ठरविण्यात आला आहे. त्यामुळे २०२० नंतर घरून काम करण्याच्या लाटेत किती कुटुंबे बाहेर पडली आणि कार्यालये पुन्हा सुरू झाल्यावर किती परतली, याविषयी ठामपणे बोलण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

तरुण कुटुंबच का निघते

मुंबई महाग आहे म्हणून लोक जातात, हे उत्तर अपुरे आहे. मुंबई सर्वांना सारखी महाग नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींतील भाडी १ सप्टेंबर १९४० रोजीच्या पातळीशी बांधून ठेवली. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यानेही अशा भाड्यांत वर्षाला अवघी ४ टक्के वाढ करण्याची मुभा दिली. परिणामी परळ, लालबाग, गिरगाव येथील चाळीत पन्नास वर्षे राहिलेल्या आईवडिलांना घरभाडे हा खर्चच वाटत नाही. मात्र त्याच खोलीतील धाकट्या मुलाचे लग्न झाले आणि त्याला स्वतंत्र बिऱ्हाड थाटायचे असेल, तर तो एका रात्रीत १९४० च्या भाड्यातून आजच्या बाजारभावात येऊन पडतो. बी. डी. डी. चाळींतील मूळ खोली १६० चौरस फुटांची होती. ती दोन भावांत वाटता येत नाही. म्हणजेच एकाच कुटुंबाच्या दोन पिढ्या एकाच शहरात दोन भिन्न किमतींच्या जगात राहतात आणि महाग जग तरुणांच्या वाट्याला येते. स्थलांतराचे वय तिशीच्या आसपास का असते, याचे एक कारण येथे सापडते.

विल्यम अलोन्सो या अभ्यासकाने १९६४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार शहराच्या केंद्रापासून जसजसे दूर जावे तसतसे जागेचे भाडे उतरते. कुटुंब भाड्यात वाचविलेली रक्कम प्रवासाच्या वेळेच्या रूपाने चुकती करते. डोंबिवली, बदलापूर, विरार यांची वाढ या सूत्रात चपखल बसते. परंतु बदलापूर-मुंबई हे ६८ किलोमीटरचे अंतर रोज दोनदा काटणाऱ्या आईवडिलांना मूल जागे असताना भेटत नाही, तेव्हा हे सूत्र ताणले जाते. अशा वेळी कुटुंब आणखी दूरचे उपनगर निवडत नाही. ते केंद्रच बदलते. कसारा घाट ओलांडणे म्हणजे उपनगर बदलणे नव्हे. त्याने रोजगाराची बाजारपेठही बदलते. एव्हरेट ली यांनी १९६६ च्या आपल्या मांडणीत मूळ स्थान व गंतव्य स्थान यांच्यामधील ‘अडथळ्यां’ना महत्त्व दिले होते. आपल्याकडे तो अडथळा अक्षरशः डोंगराच्या रूपाने उभा आहे, हा योगायोग गमतीचा म्हणावा लागेल.

काय स्वस्त होते, काय होत नाही

‘नाशिक स्वस्त आहे’ या विधानाची फोड करणे आवश्यक आहे. वस्तू आणि सेवांचे या दृष्टीने तीन गट पडतात.

पहिला गट जागेचा. घरभाडे, सदनिकेची किंमत, दुकानाचे भाडे आणि त्या भाड्यावर अवलंबून असणाऱ्या गोष्टी, उदाहरणार्थ पाळणाघर, शिकवणीवर्ग, मंगल कार्यालय, नाशिकमध्ये ठळकपणे स्वस्त आहेत. स्थलांतराचा जवळजवळ सर्व लाभ या एका गटातून येतो. दुसरा गट देशभर एकाच भावाने विकल्या जाणाऱ्या मालाचा. औषधे, साबण, बाळाचे दूधभुकटीचे डबे, मोबाइलचा मासिक खर्च, विम्याचे हप्ते यांवर छापील किंमत असते. ती घाटाच्या दोन्ही बाजूंना सारखीच. भाजीपाला नाशिकमध्ये ताजा व काहीसा स्वस्त मिळतो, पण भाजीच्या बचतीवर कोणाचे घर उभे राहत नाही.

तिसऱ्या गटाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तो अशा गोष्टींचा आहे ज्या मुंबईत स्वस्त आणि नाशिकमध्ये महाग असतात. त्यात पहिली येते वाहतूक. मुंबईच्या उपनगरी रेल्वेचा द्वितीय श्रेणीचा मासिक पास दुचाकीच्या एका टाकीभर पेट्रोलपेक्षाही स्वस्त पडतो. नाशिकमध्ये उपनगरी रेल्वे नाही. महापालिकेची ‘सिटीलिंक’ बससेवा जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी शहर बससेवा राज्य परिवहन महामंडळ चालवीत असे. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळ अशा वस्त्यांत राहून सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या दांपत्याला व्यवहारतः दोन दुचाकी घ्याव्या लागतात. वेळ वाचतो हे खरे, पण पैसा वाचत नाही.

तिसऱ्या गटातील दुसरी गोष्ट म्हणजे मोठे आजारपण. के. ई. एम. (१९२६), नायर (१९२१), शीव ही मुंबई महापालिकेची रुग्णालये आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालय (१९४१) यांच्या सावलीत राहणाऱ्या मुंबईकराला त्यांचे मोल मासिक अंदाजपत्रकात कधीच दिसत नाही, कारण त्यासाठी तो महिन्याला काही देत नाही. घाट ओलांडल्यावर ही सावली मागे राहते. नाशिकमध्ये जिल्हा रुग्णालय आहे, खासगी रुग्णालयेही पुष्कळ आहेत. पण गुंतागुंतीच्या आजारात सार्वजनिक रुग्णालयातील तज्ज्ञ सेवेसाठी अनेकांना पुन्हा मुंबईच गाठावी लागते. वृद्ध आईवडील सोबत असतील तर या बाबीचा विचार घरभाड्याच्या आधी व्हावयास हवा, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

पाण्याचाही उल्लेख करणे भाग आहे. गंगापूर धरणामुळे नाशिक या बाबतीत सुदैवी ठरले आहे. सर्व स्वस्त शहरे तशी नसतात. २०२२ च्या उन्हाळ्यात औरंगाबादमध्ये (आताचे छत्रपती संभाजीनगर) नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येत होते आणि त्यावरून मोर्चेही निघाले. भाड्यातील बचत टँकरवाल्याच्या हाती जात असेल तर ते शहर स्वस्त कसे म्हणावे?

एक घर, दोन नोकऱ्या

लॅरी स्यास्ताद यांनी १९६२ मध्ये स्थलांतराकडे गुंतवणूक म्हणून पाहावे असे सुचविले. आज खर्च करायचा, पुढील वर्षांत लाभ मिळवायचा, आणि लाभ अधिक असेल तर निघायचे. ही मांडणी एकट्या माणसाला लागू पडते. कुटुंबाला ती तशीच लावता येत नाही, हे जेकब मिन्सर यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. कुटुंबाचा एकूण लाभ अधिक असला तरी त्यातील एका व्यक्तीचा तोटा होऊ शकतो आणि तरीही ती व्यक्ती सोबत जाते. मिन्सर यांनी अशा व्यक्तीला ‘बांधील स्थलांतरित’ या अर्थाची संज्ञा वापरली. उलटपक्षी, जोडीदारामुळे मागे थांबणारी व्यक्ती ‘बांधील स्थायिक’ होय. आपल्या समाजात पहिल्या प्रकारात बहुधा पत्नी असते, हे वेगळे सांगावयास नको. आपल्या जनगणनेत स्थलांतराच्या कारणांमध्ये नोकरी, व्यवसाय, शिक्षण, विवाह यांबरोबर ‘कुटुंबासह स्थलांतर’ असा एक रकाना असतो. नोकरी सोडून पतीमागे आलेली बँक कर्मचारी आणि कधीच नोकरी न केलेली गृहिणी या दोघी त्या रकान्यात एकाच पंक्तीला बसतात. काय गमावले गेले याची नोंद तेथे होत नाही.

हा मुद्दा आकड्यांनी स्पष्ट करता येईल. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल गृहीत धरलेले आहेत. समजा, ठाण्यात राहणाऱ्या दांपत्यात पतीचे मासिक वेतन ५० हजार, पत्नीचे ४० हजार आणि घरभाडे २८ हजार आहे. नाशिकमध्ये भाडे १२ हजार, म्हणजे बचत १६ हजार. पतीला तेथे ४२ हजारांची नोकरी मिळाली. पत्नीला तिच्या कामाशी मिळतीजुळती, ३६ हजारांची नोकरी लगेच मिळाली तर उत्पन्नातील घट १२ हजार होते आणि महिन्याला ४ हजार शिल्लक राहतात. त्यातून दोन दुचाकींचे पेट्रोल वजा केल्यास फारसे काही उरत नाही, पण कुटुंबाला मोठे घर आणि संध्याकाळ मिळते. आता दुसरी शक्यता पाहू. पत्नीला आठ महिने काम मिळाले नाही आणि नंतर मिळाले ते २२ हजारांचे. पहिल्या आठ महिन्यांत दरमहा उत्पन्न ४८ हजारांनी घटते. भाड्याची बचत वजा जाता तूट ३२ हजारांची राहते, म्हणजे आठ महिन्यांत २ लाख ५६ हजार. त्यानंतरही दरमहा १० हजारांची तूट चालूच राहते. शहर तेच, भाडे तेच, पण एक कुटुंब तरले आणि दुसरे बुडाले. निर्णायक घटक भाडे नव्हता, पत्नीची नोकरी होती. तथापि प्रत्यक्षात बहुतेक कुटुंबे आधी घर पाहतात, मग शाळा, आणि ‘तिचे काय, तिला कुठेही मिळेल’ असे म्हणून तिच्या नोकरीचा प्रश्न शेवटी घेतात.

नाशिकच्या रोजगाराचे स्वरूपही येथे लक्षात घ्यावे लागते. नाशिकरोडचे प्रतिभूती मुद्रणालय (१९२५) व चलार्थपत्र मुद्रणालय (१९२८), ओझरचा विमान कारखाना (१९६४), सातपूर-अंबडमधील वाहन व विद्युत साहित्याचे कारखाने हा या शहराच्या अर्थव्यवस्थेचा जुना कणा आहे. हा रोजगार प्रामुख्याने यंत्रशाळेतील आहे. मुंबईत स्त्रियांना मोठ्या प्रमाणावर सामावून घेणारी क्षेत्रे, म्हणजे बँकांची व विमा कंपन्यांची मुख्यालये, जाहिरात, प्रकाशन, प्रसारमाध्यमे, येथे आकाराने लहान आहेत. शिवाय मुंबईत स्त्रीला रात्री नऊ वाजताही महिलांच्या डब्यातून घरी येता येते. पश्चिम रेल्वेने १९९२ मध्येच खास महिलांसाठी लोकल सोडली होती. नाशिकमध्ये दुचाकी चालविता न येणाऱ्या स्त्रीचे नोकरीक्षेत्र घरापासून रिक्षाच्या अंतरापुरते आक्रसते.

यावर काही कुटुंबांनी एक मध्यममार्ग काढला आहे. घर नाशिकला आणि नोकरी मुंबईला. १९७५ मध्ये सुरू झालेली पंचवटी एक्सप्रेस आणि तिच्यातील पासधारकांची दुनिया सर्वश्रुत आहे. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडायचे, साडेतीन तासांहून अधिक प्रवास करायचा आणि रात्री दहाच्या सुमारास घरी परतायचे. वेतन मुंबईचे व भाडे नाशिकचे, असा हा उत्तम सौदा वाटतो. परंतु त्यात बदलापूरचा प्रश्न सुटत नाही, उलट दुप्पट होतो. मार्च २०२० मध्ये गाड्या बंद झाल्या तेव्हा या व्यवस्थेचा एकमेव आधारही निखळला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्याने घाटातील रस्त्याचा वेळ कमी झाला आहे. पण रोज मोटारीने जाणे पगारदाराच्या आवाक्यातील नव्हे.

अध्यापकांची स्थिती

शासकीय वा अनुदानित वेतन घेणाऱ्यास या स्थलांतराचा सर्वाधिक लाभ होतो, कारण त्याचे मूळ वेतन शहरानुसार बदलत नाही. बदलतो तो घरभाडे भत्ता. सहाव्या वेतन आयोगानंतर शहरांचे एक्स, वाय व झेड असे वर्गीकरण झाले. मुंबई एक्स वर्गात, नाशिक वाय वर्गात मोडते. सातव्या आयोगाचे मूळ दर अनुक्रमे २४, १६ व ८ टक्के होते. महागाई भत्त्याबरोबर ते टप्प्याने वाढतात, पण त्यांचे परस्परांतील प्रमाण ३:२:१ असेच राहते. साहाय्यक प्राध्यापकाच्या ५७,७०० रुपये या आरंभीच्या मूळ वेतनावर मूळ दरांनुसार मुंबईत १३,८४८ रुपये भत्ता होतो, नाशिकमध्ये ९,२३२ रुपये. म्हणजे तोटा ४,६१६ रुपयांचा. प्रत्यक्ष भाड्यातील फरक याच्या कित्येक पटींनी अधिक असतो. राज्यकर्त्यांनी भत्ता वेतनाच्या टक्केवारीशी बांधला, बाजारभावाशी नव्हे. त्यामुळे महागड्या शहरातील शिक्षक नेहमीच तोट्यात राहतो.

अर्थात हा लाभ मिळण्यासाठी आधी बदली मिळावयास हवी आणि आपल्या व्यवस्थेत खरी मेख तेथेच आहे. एका संस्थेच्या अनुदानित महाविद्यालयातून दुसऱ्या संस्थेत बदली होत नाही. नव्याने अर्ज, मुलाखत, निवड, विद्यापीठाची मान्यता हे सर्व सोपस्कार करावे लागतात. मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र सोडून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात यायचे असल्याने मान्यताही दुसऱ्या विद्यापीठाची. अर्ज योग्य मार्गाने केला नाही आणि सेवेत खंड पडला, तर पूर्वीची सेवा धरली जाण्याबाबत पुढे वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करावा लागू शकतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाची स्थिती याहून वेगळी आहे. त्याला बांधून ठेवणारे काही नाही, आणि नव्या शहरात त्याची वाट पाहणारेही काही नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) नाशिकमध्ये असल्याने शैक्षणिक कामाच्या काही संधी तेथे आहेत, पण त्यांच्या भरवशावर मुंबईतील तासिका सोडणे धाडसाचे होईल.

मूल, शाळा आणि आजी

मूल शाळेत गेले नसेल तर स्थलांतर सोपे, हा सर्वसाधारण समज योग्यच आहे. त्यामागे एक कायदेशीर कारणही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार विनाअनुदानित शाळेतील २५ टक्के राखीव जागांवरील प्रवेश आरंभीच्या वर्गातच होतो. कायद्याच्या कलम ५ ने मुलाला शाळा बदलण्याचा हक्क दिला आहे, परंतु त्या हक्कातून विनाअनुदानित शाळा वगळल्या आहेत. म्हणजे मुंबईत राखीव जागेवर विनामूल्य शिकणारे दुसरीतील मूल नाशिकला आल्यास त्याला शासकीय वा अनुदानित शाळेत हक्काने जागा मिळेल, पण खासगी शाळेत पूर्ण शुल्क भरावे लागेल. त्याच कलमानुसार शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवून ठेवता येत नाही. ही तरतूद पालकांना क्वचितच ठाऊक असते.

आजीचा विचार कोणत्याही कायद्यात येत नाही. मुंबईत नोकरदार सुनेचे मूल बहुधा आजी सांभाळते, निदान हाकेच्या अंतरावर तरी असते. अर्थशास्त्राच्या भाषेत ही विनावेतन सेवा आहे आणि स्थलांतराने ती संपते. तिचे मूल्य काढावयाचे तर पाळणाघराचे शुल्क पाहावे, पण मूल तापाने फणफणले असता पाळणाघर घेत नाही, आजी घेते. आजीला सोबत न्यावे, तर पन्नास वर्षांची चाळ, भजनी मंडळ आणि के. ई. एम. चा केसपेपर सोडून तिने अनोळखी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर का राहावे, याचेही उत्तर द्यावे लागते.

परतीची वाट आणि पहिले वर्ष

मुंबई सोडणे जितके सोपे तितके परतणे कठीण. मुंबईतील सदनिका विकून नाशिकमध्ये मोठे घर घेतल्यास हातात रक्कम उरते. पण दहा वर्षांनी परतण्याची वेळ आल्यास नाशिकचे घर विकून मुंबईत पूर्वीइतकीही जागा मिळण्याची शक्यता कमी असते. म्हणून पहिले वर्ष भाड्याने राहावे आणि मुंबईतील घर, असल्यास, विकू नये, हा सल्ला योग्य वाटतो. यासंदर्भात एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी कायद्याने नोंदणी सक्तीची असल्यामुळे ती रुजली असावी. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार प्रत्येक भाडेकरार वा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय वाद उद्भवल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नव्या शहरात ओळखपाळख नसलेल्या कुटुंबासाठी हा नोंदणीकृत कागद पत्त्याचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडतो.

स्थलांतर राज्यांतर्गत असल्याने अधिवासाचा प्रश्न उद्भवत नाही. शिधापत्रिकेवरील धान्य ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे नव्या शहरातील दुकानातूनही घेता येते. मतदार यादीतील नाव स्थलांतरित करण्यासाठी २०२२ पासून नमुना ८ वापरला जातो. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेल्यास नमुना ६ भरावा लागे. गॅसजोडणी, बँक आणि आधारवरील पत्ता यांसाठी वर उल्लेखिलेला नोंदणीकृत करार पुरतो. त्याच्या दोन साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात.